कुठं निघालाव सर?

शाळेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाळीस मिनिटं चाला. शिरूर अनंतपाळात चालायला जागा भरपूर आहे, फक्त चालायला कारण लागतं. पहिल्या दिवशी घरणी नदीच्या दिशेनं निघालो, तर गाव संपेपर्यंत चार मोटारसायकली थांबल्या. "कुठं निघालाव सर? बसा की, सोडतो." कुठं नाही, नुसतं फिरायला, असं सांगितलं की समोरचा हसायचा, आणि हसून झाल्यावर पुन्हा विचारायचा, "तसं नाही, पण कुठं?"

तिसऱ्या दिवशी एका जुन्या विद्यार्थ्यानं कमाल केली. मला पुढं जाऊ दिलं आणि सरळ घरी जाऊन हिला सांगितलं, "बाई, सर एकटेच नदीकडं गेलेत. जरा लक्ष ठेवा." आमच्या भागात एकटा माणूस नदीकडं किंवा विहिरीकडं निघाला की लोकांच्या मनात काय येतं ते वेगळं सांगायला नको. संध्याकाळी हिनं चहा देताना माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. त्यानंतर महिनाभर मी गच्चीवरच फेऱ्या मारल्या.

नदीकडं जायचं ते कामाला. म्हशी धुवायला, पाण्याची मोटार चालू करायला, गणपती बुडवायला, नाहीतर दहाव्याला. नदीला जाऊन काहीच न करता परत येणं हे आमच्याकडच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मुलगा तेव्हा फ्रान्समध्ये, तुलूज नावाच्या गावी होता. विमानं बनवणारं गाव, त्यामुळं तिथं आपल्याकडचे इंजिनिअर बरेच. 2019 च्या एप्रिलमध्ये नव्वद दिवसांच्या व्हिसावर आम्ही दोघं तिकडं गेलो. शहर जुनं, रोमनांच्या काळापासूनचं. जवळपास बांधकामाचा दगड नाही म्हणून सगळं विटांत बांधलेलं, सकाळच्या उन्हात गुलाबी दिसणारं. घराजवळूनच दक्षिणेचा कालवा वाहायचा, आणि कालव्याला लागून वाट. मुलगा म्हणाला, "बाबा, नाकासमोर चालत राहा. चुकायला वावच नाही."

चुकलो मात्र पहिल्याच दिवशी. वाटेच्या मधोमध चालत होतो, मागून घंटी वाजली. गावाकडच्या सवयीनं, माणूस आपल्याला नमस्कार करतोय असं समजून मागं वळलो आणि नेमका सायकलच्या पुढ्यात आलो. सायकलवरची बाई माझ्याच वयाची होती. काहीतरी बोलली. सुरात राग होता की काळजी, ते मला कळलं नाही. दोन्ही हात जोडले. तेव्हापासून उजव्या कडेनं चालायला लागलो.

चालायला ती वाट इतकी सोपी का, हे समजायला मला आठवडा लागला. भूगोल शिकवला असल्यानं चढ-उताराकडं लक्ष जातंच. तासभर चाललो तरी मांड्यांना चढ म्हणून जाणवला नाही. मग मुलानं उलगडून सांगितलं. ही वाट माणसांसाठी केलेलीच नव्हती, ती घोड्यांची. पूर्वी कालव्यातल्या नावा घोडे काठावरून दोरानं ओढायचे. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. घोडे गेले, वाट राहिली. तिच्यावरून आता म्हातारेकोतारे चालतात आणि सूनबाई नातवाची बाबागाडी ढकलत शेजारच्या रामोंव्हिलपर्यंत जाऊन यायची. आमच्या घरणीकाठी बाबागाडी न्यायची तर आधी वेड्या बाभळी तोडणारा माणूस पुढं चालवावा लागेल.

कालवा खणणारा माणूस पिएर-पॉल रिके. धंद्यानं इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करायचा. 1666 मध्ये चौदाव्या लुई राजाकडून परवानगी मिळाली आणि 1681 मध्ये कालवा पुरा झाला, तुलूजपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत 240 किलोमीटर. रिके त्याच्या काही महिने आधीच वारला. पण मला गुंतवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. वाटेत सुमारे 190 मीटर उंचीवर पाणलोटाची सीमा आहे. तिच्या एका अंगाचं पाणी अटलांटिककडं जातं, दुसऱ्या अंगाचं भूमध्य समुद्राकडं. त्या उंचवट्यावर कालव्याला पाणी आणायचं कुठून? रिकेनं डोंगरातले ओढे अडवले, सां-फेरेओलला मातीचा भराव घालून धरण बांधलं, आणि तिथून पाट काढून ते पाणी नेमकं त्या माथ्यावर आणून सोडलं. मग ते दोन्हीकडं आपोआप उतरतं. साडेतीनशे वर्षं उतरतंय.

काठावर उभं राहून ते भरलेलं, हिरवट पाणी बघताना मला आमचा 2016 चा एप्रिल आठवला. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मिरजेहून दहा टाक्यांची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन 12 एप्रिलला पहाटे लातूरला पोचली, लोक स्टेशनवर बघायला गेले होते. आमच्या घरी तेव्हा आंघोळीचं पाणी धुण्याला आणि धुण्याचं झाडांना असा हिशेब होता. तीन वर्षांनी मी अशा पाण्याच्या कडेनं चालत होतो, जे प्यायला नाही की पिकाला नाही, नुसतं नावा चालवायला भरून ठेवलंय. पुढं कळलं की त्यातलं थोडं शेतीलाही देतात. तरी पहिल्या दिवशीची ती पोटातली कालवाकालव गेली नाही. हेवा म्हणा.

तिथंही दुखणं आहे. कालव्याच्या दोन्ही काठांना चिनारासारखी उंच झाडं, 42 हजारांच्या आसपास होती. 2006 मध्ये त्यांच्यात एक बुरशीचा रोग सापडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती बुरशी त्या देशात शिरली असं मानतात. औषध नाही, झाड तोडून जाळायचं. हजारो झाडं अशी गेली. एका सकाळी आम्ही बऱ्याच लांबवर गेलो तेव्हा सावली एकदम संपली. पुढं ओळीनं लावलेली हाताएवढी रोपं. ही म्हणाली, "आपल्या रस्त्याच्या चिंचा तोडल्या तेव्हा असंच वाटलं होतं." फरक एवढाच की आमच्याकडं रोपं लावायची राहिली.

संध्याकाळी गारोन नदीकडं जायचो. पिरेनीज पर्वतातून येणारी मोठी नदी. लांबीला मात्र आमची मांजरा तिच्याहून जास्त, 724 किलोमीटर. मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "बाबा, पाणी पण मोजा." नदीकाठी दोरादच्या घाटावर पोरंपोरी पाय सोडून बसलेली असायची. समोर नवा पूल. नावाचा नवा, पण शहरातला सगळ्यांत जुना, 1544 ला सुरू होऊन 1632 ला संपलेला. त्याच्या खांबांना मधोमध मोठी गोल भोकं आहेत. मला वाटलं शोभा. ती पुराचं पाणी जाण्यासाठी ठेवलीत. 1875 च्या जूनमध्ये गारोनला महापूर आला, पलीकडच्या काठावरची सां-सिप्रियां वस्ती उद्ध्वस्त झाली, दोनशेच्या वर माणसं गेली. दुसरे पूल वाहून गेले. हा भोकांतून पाणी सोडत उभा राहिला. आमच्याकडं जोराच्या एका पावसात पुलावरून पाणी जातं आणि दोन्ही तीरांवर मोटारसायकली लावून लोक पाणी उतरायची वाट बघत बसतात. ती गर्दी मी पन्नास वर्षं पाहिली, तिच्यात बसलोही. पुलाला भोक ठेवावं हे कधी डोक्यात आलं नाही.

त्या नव्वद दिवसांत एकानंही विचारलं नाही, कुठं निघालात म्हणून. सुरुवातीला बरं वाटलं. समोरून येणारा "बोंजूर" म्हणायचा, मी म्हणायचो, संपलं. दुसऱ्या महिन्यात ते खटकायला लागलं. रोज साडेसातला एक म्हातारा कुत्रं घेऊन भेटायचा. चाळीसेक सकाळी भेटला असेल. त्याला मुलं किती, तो करायचा काय, कुत्र्याचं नाव काय, काहीच मला कळलं नाही. शिरूरमध्ये एवढ्यात त्याच्या जावयाची बदली कुठं झाली इथपर्यंत पोचलो असतो.

परत आलो ते मृगाच्या पावसानंतर. आता नदीकाठानं चालायचं म्हणजे काळ्या रानातून, पावलागणिक चपलेला किलोभर चिखल. मग मला कालव्याचा भराव आठवला. घरणी प्रकल्पाचा. आपल्याकडंही कालव्याच्या कडेला गाडीवाट ठेवलेली असते, मुरूम टाकलेली, आणि पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती. मधे एके ठिकाणी भराव फुटलाय, तिथं खाली उतरून चढावं लागतं, आणि कालव्यात बऱ्याचदा पाण्याऐवजी गवतच असतं. पण दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, वर बगळे. चाळीस मिनिटांत जाऊन येणं होतं.

राहिला प्रश्न विचारणाऱ्यांचा. तो हिनंच सोडवला. पहिल्या दिवशी निघताना हातात एक रिकामी कापडी पिशवी दिली आणि म्हणाली, "ही घेऊन जा." पिशवी हातात असली की कुणी थांबवत नाही. लोक आपसूक समजतात, सर भाजी आणायला निघालेत, नाहीतर कुणाच्या रानात हरभऱ्याचे डहाळे आणायला.

परवा कालव्यावर समोरून आमच्या गावातले निवृत्त तलाठी येताना दिसले. त्यांच्या हातात दुधाची किटली होती. राम राम झाला. कुठं निघालात हे त्यांनी मला विचारलं नाही, मीही त्यांना नाही. त्यांच्याकडं म्हैस नाही हे मला माहीत आहे, आणि त्या बाजूला दूधवालाही राहत नाही.