भरलेली बंदूक

ग्वाल्हेरच्या पुष्कळशा जुन्या मराठी घरांप्रमाणे आमच्याही घरी दसऱ्याला शस्त्रपूजा होते. पाटावर असते ती आमच्या काकांची बारा बोअरची बंदूक. झेंडूची माळ घालण्यापूर्वी आम्ही ती उघडतो, नळीतून उजेड पाहतो आणि घरातील मुलांनाही पाहावयास लावतो. बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावाचून तिला हळदकुंकू वाहिले जात नाही. हा नेम कोणत्या पोथीतला नव्हे. तो १९८१ सालच्या एका रात्रीने आम्हांस घालून दिला.

काकांची शेती मुरैनेच्या वाटेवर होती. चंबळच्या खोऱ्यात १९७२ साली जयप्रकाशजींच्या प्रयत्नाने शेकडो दरोडेखोरांनी शस्त्रे खाली ठेवली होती, तरी लोकांच्या मनातील भीती सरली नव्हती. मलखानसिंग शरण आला तो १९८२ साली आणि फूलनदेवी १९८३ साली. म्हणून शेतावरच्या घरात काका बंदूक सदैव भरून ठेवीत. पुढचा लाकडी दस्ता मागेपुढे ओढून चालविण्याची ती बंदूक. तिच्या नळीखाली आणखी एक नळी, तेच मॅगझिन. त्यात चार काडतुसे एकामागे एक बसत आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटून धरी. दर रविवारी काका तिला तेल देत, पुसून लखलखीत करीत आणि कोपऱ्यात उभी ठेवीत. "ही जागी आहे, म्हणून आपण झोपतो," असे ते म्हणत.

भाद्रपदातील त्या रात्री पाऊस कोसळत होता. कुत्री भुंकू लागली आणि फाटकाशी कुणीतरी वाकून कडी काढताना दिसले. काकांनी दोनदा हाक दिली. उत्तर आले नाही. त्यांनी दस्ता ओढला, नेम धरला आणि चाप ओढला. 'खट्' एवढाच आवाज झाला. त्यांनी पुन्हा दस्ता ओढला, तो दुसरे काडतूस नळीच्या तोंडाशीच अडकून बसले. तोच अंधारातून आवाज आला, "काका, मी आहे!" इंदुरास शिकत असलेले आमचे थोरले बंधू होते. वाटेत बस बिघडली, म्हणून ते पायी आले होते. डोक्यावर ट्रंक आणि वरून पाऊस, त्यात हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती.

त्या रात्री कोणी झोपले नाही. सकाळी काकांनी चारही काडतुसे ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मांडली. ती आत घातल्याला तीन पावसाळे लोटले होते. दोन जुनी, कागदी वेष्टनाची होती. ओल शोषून ती फुगली होती आणि त्यांच्या पितळी बुडांवर हिरवा थर चढला होता. न उडालेल्या काडतुसाच्या टोपीपर्यंत तेल झिरपले होते. प्लास्टिकच्या दोन काडतुसांना ओल बाधली नव्हती. परंतु स्प्रिंगच्या अखंड दाबाने आणि उन्हाळ्याच्या तापाने त्यांची तोंडे चेपून अंग किंचित फुगले होते. स्प्रिंग मात्र ठणठणीत होती. चांगल्या पोलादाची स्प्रिंग दाबून ठेवल्याने सहसा मरत नाही. वारंवार दाबण्या-सोडण्याने ती अधिक झिजते. काकांनी बंदुकीची निगा वर्षानुवर्षे राखली होती, काडतुसांकडे एकदाही पाहिले नव्हते. आणि ज्या तेलाने बंदूक राखली, त्याच तेलाने टोपी निकामी केली होती.

पुढे परवाना वारसाहक्काने आमच्या नावे झाला. काडतुसे आम्ही कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, खरेदीचे साल लिहून, बंदुकीपासून वेगळी कुलुपात ठेवतो; पत्र्याच्या छपराखाली कधीच नाही, कारण उष्णतेने आतील दारूही बिघडत जाते. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात जमा होते. ती परत आली की एकेक काडतूस हाती घेऊन पाहतो. बूड हिरवटलेले, अंग फुगलेले, तोंड चेपलेले असे काही दिसले तर ते वापरीत नाही. काकांनी त्या सकाळी आणखी दोन गोष्टी शिकविल्या. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे; बार उशिराही उडू शकतो. आणि आवाज दबका आला, तर आत बूच अडकले असेल. नळी स्वच्छ पाहिल्यावाचून दुसरे काडतूस घालू नये, एरवी नळी फुटते. आदल्या रात्री आपण स्वतः थांबलो नव्हतो, हेही त्यांनी मान खाली घालून सांगितले.

घरातील मुले कधी कधी म्हणतात, "काडतुसे सडली, तेच बरे झाले ना?" मुलांचे म्हणणे खोटे नाही, आणि त्याला आमच्यापाशी चटकन देण्याजोगे उत्तरही नाही. एवढेच सांगतो की फाटकाशी खरोखर दरोडेखोर असता, तर त्याच काडतुसांनी काकांचा घात केला असता. भरलेल्या बंदुकीवर विसंबून काकांनी दोन्ही गोष्टी दैवावर सोडल्या होत्या : बार उडणे आणि तो कोणावर उडणे.

थोरल्या बंधूंनी आता साठी ओलांडली आहे. दसऱ्याला सोने द्यायला ते येतात. पाटाकडे वळण्याआधी, चपला काढता काढताच, दरवर्षी विचारतात, "पाहिलीस ना उघडून?"