विजयदुर्गावर न सांगितली जाणारी आग

परवा पोरांना घेऊन विजयदुर्गला गेलो होतो. गाईडदादांनी शिवराय, कान्होजी आंग्रे, पाण्याखालची भिंत सगळं रंगवून सांगितलं. मी विचारलं, "आणि १७५६?" ते हसले. "साहेब, ते लोकांना आवडत नाही."

खरंय. त्या फेब्रुवारीत वॉटसनचा इंग्रजी ताफा तोफा डागत होता, क्लाइव्ह माणसं घेऊन किनाऱ्यावर उतरला होता. आणि त्यांच्या जोडीला कोण? नानासाहेब पेशव्यांची फौज! तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हेही मान्य. पण एका जहाजाला लागलेली आग पसरली आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं.

२०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत आलाय. नवे फलक लागतीलच. मंडळी, त्यावर ही आगही लिहायला लावूया.