पांडवलेण्यातला स्तूप

नाशिक

चि. ईशान यास,


पांडवलेण्याचा फोटो पाहून तू विचारलंस, "आत्या, ही महादेवाची पिंड का?" पुष्कळांना तसंच वाटतं. तो बौद्धांचा स्तूप आहे रे, आणि त्याची हकीकत फोनवर उरकण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले.

मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या त्या डोंगरात 24 लेणी आहेत. शिलालेखांत डोंगराचं नाव तिरण्हु येतं. आपण आता त्रिरश्मी म्हणतो. हा स्तूप अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात आहे. लोक पायऱ्या चढून येतात, तिसऱ्या लेण्यातलं कोरीवकाम पाहतात, विसाव्यातल्या मोठ्या बुद्धमूर्तीपुढे हात जोडतात आणि इथे नुसतं डोकावून पुढे जातात. मला फार हळहळ वाटते. बाकीची बहुतेक लेणी भिक्षूंच्या राहण्याची. पूजेसाठी खास कोरलेली जागा ही.

हा स्तूप कुणी बांधलेला नाही. कारागिरांनी कातळ आत आत फोडत नेला, खांब सोडले, कमानदार छत सोडलं आणि टोकाला स्तूपापुरता दगड शिल्लक ठेवला. छिन्नी एकदा चुकली असती तर जोड द्यायची सोय नव्हती. खाली गोल उभट पीठ आहे, सुमारे साडेपाच फूट व्यासाचं आणि सव्वासहा फूट उंच. त्यावर लहानसा घुमट, त्याला अंड म्हणतात, आणि वर जड चौकोनी हर्मिका. सांचीला घुमटच सगळं व्यापून टाकतो. इथे पीठ उंचावलंय आणि घुमट आक्रसलाय. मधलं दालन जेमतेम दहा फूट रुंद, पण उंची तेवीस फुटांवर. अशा जागेत नजर वर नेणारा उभा स्तूपच शोभला असता, असं मला वाटतं. दोन्ही बाजूंच्या खांबांना तळाशी घटाच्या आकाराच्या बैठका आहेत, स्तूपामागच्या खांबांना मात्र नाहीत. त्या खांबांमागून प्रदक्षिणेची वाट जाते.

विटांचे स्तूप वेगळे: ते बांधताना आत अवशेष ठेवता येत. सोपाऱ्याचा स्तूप 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला, तेव्हा पोटात दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. भोवती आठ बुद्धमूर्ती. तो ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

आता मला खरं सांगायचंय ते. हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्यांनी पैसा दिला त्यांची नावं तिथेच कोरलेली आहेत. दारावरच्या कमानीखालचं काम धंभिक गावानं दिलेलं दान. आणि आत खांबांवर लेख आहे भटपालिकेचा: राजामात्य अरहलयाची मुलगी, राजामात्य अगियतणकाची बायको, कपणणकाची आई. हे चैत्यगृह तिनं पूर्णत्वाला नेलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईनं नाशकातलं एवढं मोठं काम तडीस नेलं आणि तिचं नाव नाशिककरांना ठाऊक नसावं, हे मला सोसत नाही. राण्यांची नावं तरी पुस्तकांत येतात. गौतमी बलश्रीचा लेख तिसऱ्या लेण्यात आहे, तो सगळे सांगतात.

त्याच तिसऱ्या लेण्यात मागच्या भिंतीवर कोरलेला स्तूप आहे, दोन्ही बाजूंना पूजा करणाऱ्या स्त्रिया. नहपान राजाच्या जावयाचं, उषवदाताचं दहावं लेणं आहे, तिथेही असाच स्तूप होता. पुढे कुणीतरी तो तासून त्याचा भैरव केला. दोन्ही लेणी एकापाठोपाठ पाहिलीस की मूळ आकार तुझ्या लगेच लक्षात येईल.

दिवाळीत येशील तेव्हा सकाळी ऊन चढायच्या आत जाऊ. सोबत ब्राह्मी अक्षरांचा तक्ता पाठवतेय, तोवर घोटून ठेव. भटपालिकेचं नाव तुला खांबावर स्वतः वाचता आलं पाहिजे.

तुझी,
आत्या