पट्टेवाला

अमेरिकेतल्या पक्षाघाताच्या मृत्यूंचा नकाशा कमरेला लाल पट्टा बांधून उभा असतो. दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, आर्कान्सा आणि लुइझियाना या आठ राज्यांत पक्षाघाताने बाकी देशापेक्षा जास्त माणसं दगावतात, म्हणून तो पट्टा. १९६० च्या दशकात तो अभ्यासकांच्या डोळ्यांत भरला आणि पुढे त्याचं नाव पडलं ‘स्ट्रोक बेल्ट’. कॅरोलायना-जॉर्जियाच्या किनारी सपाटीवर रंग आणखी दाट होतो. त्या भागाला चक्क ‘बक्कल’ म्हणतात.

गडी फटकळ आहे, पण मोकळा सोडला तर थापा मारतो. फ्लोरिडात निवृत्त म्हाताऱ्यांची गर्दी. नुसते मृत्यू मोजले तर तो आधी तिकडेच बोट दाखवील. म्हणून सगळ्या काउंट्यांना (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना) एकाच वयोरचनेचं माप लावतात. तेवढ्यानेही भागत नाही. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीची वस्ती २०२० च्या जनगणनेत अवघी ६४. तिथे वर्षात एक आजोबा गेले, की दर लाखामागे दीड हजारांच्या वर. पुढच्या वर्षी कुणी गेलं नाही, की शून्य! हा उतावीळपणा मोडायला काही वर्षांचे आकडे एकत्र करतात आणि आजूबाजूच्या काउंट्यांचा आधार घेऊन दर सावरतात. मग तो शहाण्यासारखा बोलतो. (हात जरा जास्त फिरला, तर खरा डागही पुसला जातो, ती गोष्ट वेगळी.)

कारण विचारलं की मात्र मिठाची गुळणी. रक्तदाब, मधुमेह, गरिबी, तळलेलं खाणं, साखर घातलेला थंड चहा, असे संशयित पुष्कळ. पण सगळे धरूनही हिशेब पुरता जुळत नाही. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठाने ‘रिगार्ड्स’ अभ्यासासाठी २००३ ते २००७ मध्ये पंचेचाळिशीपुढचे ३० हजारांवर गोरे-काळे लोक नोंदवले. त्यातून दिसलं, की ज्यांची किशोरवयातली वर्षं पट्ट्यात गेली, त्यांचा धोका पुढे कुठेही राहिले तरी जास्तच.

आणि आमचा नकाशा बघतो मृत्यूच्या दाखल्यावरचा शेवटचा पत्ता. जॉर्जियात वाढलेली बाई शिकागोत राहायला गेली आणि तिथे पक्षाघाताने वारली, तर तो तिला तिथल्या कुक काउंटीच्या खात्यात टाकतो. जॉर्जियाच्या नावावर काही लागत नाही.