मिऱ्याचा काढा आणि जिवाणूंचा पंप

घरातील वृद्ध माणसाची जखम भरत नसली की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. माझ्या ८२ वर्षांच्या मधुमेही आईच्या पायाची जखम अशीच चिघळली होती. तपासणीत ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा जिवाणू आढळला आणि चालू असलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाला तो दाद देत नसल्याचे अहवालात स्पष्ट लिहिले होते. त्या संध्याकाळी वहिनी मिऱ्याचा दाट काढा घेऊन आली. “ताई, मिऱ्यामुळे हेच औषध पुन्हा लागू पडते, असे वाचले मी. गोळ्या बदलायला नकोत.”

मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. तरी क्षणभर माझाही हात पुढे झाला. कारण वहिनीने वाचलेले खोटे नव्हते.

काही जिवाणूंच्या आवरणात सूक्ष्म पंप असतात. बोटीत शिरलेले पाणी नावाड्याने उपसून टाकावे, तसे हे पंप आत शिरलेले औषध बाहेर फेकतात. १९८० साली अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने टेट्रासायक्लिनच्या बाबतीत ही युक्ती उघड केली. हे पंप बंद पाडणारे पदार्थ पुढे वनस्पतींमध्येही सापडले. सर्पगंधेतील रेसर्पिन हा त्यांपैकी एक. पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला घातक ठरते. २००६ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यातील पिपेरिन सोबत असेल तर हाच स्टॅफिलोकोकस सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कमी मात्रेनेही रोखला जातो. पंप बंद पडला की नाही, हे पाहण्याची एक रीत मोठी सुंदर आहे. जिवाणूंना चमकणारा रंग देतात. पंप चालू असेल तर चमक ओसरते, बंद असेल तर टिकून राहते.

मग मी पेला खाली का ठेवला? कारण ती चमक काचेच्या नळीतली होती, आईच्या पायातली नव्हती. नळीत पिपेरिन मोजून थेट जिवाणूंवर घालतात. काढ्यातून ते जखमेपर्यंत तेवढे पोहोचेल, याची हमी कोण देणार? शिवाय पिपेरिन केवळ जिवाणूंवर परिणाम करून थांबत नाही. आपल्या आतड्यांतील व यकृतातील औषधे बाहेर टाकण्याची, निकामी करण्याची यंत्रणाही ते मंदावते. आई फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेते. पिपेरिनमुळे त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, असे माणसांवरील अभ्यासांत दिसले आहे. ते फार वाढले तर तोल जातो. आणि या वयात पडणे म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अहवाल पाहून औषध बदलले. वहिनीने रोज हळुवार हातांनी जखम स्वच्छ करून पट्टी बांधली. जखम सावकाश भरली.

आमटीतल्या चिमूटभर मिऱ्याची धास्ती घेऊ नये. परंतु दाट काढा, अर्क वा कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. त्यांच्या भरवशावर दिलेले औषध परस्पर थांबवू वा लांबवू नये. प्रयोगशाळेतील आशा खरी आहे. ती रुग्णापर्यंत सुरक्षितपणे पोहोचायला वेळ लागतो, एवढेच.