सात वजा सात

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ज्या मातांसाठी आम्ही कार्यक्रम ठेवला होता, त्यांनाच तो ऐकू आला नाही. मैदानाच्या टोकाला कडुनिंबाच्या सावलीत त्या सतरंज्यांवर बसल्या होत्या. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, पदाधिकारी आणि पुरुष पालक. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना नवे कोरे स्पीकर उभे होते. सुरुवातीला तराणा लावला, त्यातली पेटी आणि तबला बऱ्यापैकी ऐकू आला. मग लॅपटॉपवरून माजी विद्यार्थिनींचे बोल लावले, आणि आवाज एकदम बसला. भिंतीपलीकडे कुणी कुजबुजावे तसे काहीतरी येत होते. दहा मिनिटांत माता उठू लागल्या. फाटकाशी गाठून विचारले, तेव्हा एक जण म्हणाली, "आपा, कुछ सुनाईच नहीं दिया. और कितना बैठते?"

हे बोल ऐकू येणे का गरजेचे होते ते सांगितले पाहिजे. आमची शाळा उर्दू माध्यमाची, वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वर्ग आठवीपर्यंत. नववीसाठी एक तर गावातल्या मराठी शाळेत जायचे किंवा एसटीने दुसऱ्या गावच्या उर्दू हायस्कुलात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. आमच्या पुष्कळ मुलींचे शिक्षण बरोबर त्याच रेषेवर थांबते. सहा ते चौदा वयाची पंचवीस टक्के मुस्लिम मुले शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच गळली, असे २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने लिहिले होते. आमच्या शाळेत आठवीपर्यंत पट बरा असतो. गळती लागते ती दाखला हातात पडल्यावर.

म्हणून आम्ही पाच माजी विद्यार्थिनींना विनंती केली होती. एक नर्सिंग शिकते, एक बी.एस्सी. करते, दोघींचे डी.एड. झाले, एक वर्ध्याला कॉम्प्युटरवर काम करते. त्यांना येणे जमणार नव्हते. त्यांनी आपापल्या मोबाइलवर पाच-पाच मिनिटे बोलून आम्हाला पाठवले. घरच्याच बोलीत, आईशी बोलावे तसे. आठवीनंतर घरी काय वाद झाला, कोण आड आले, कोण पाठीशी उभे राहिले, सारे. आम्ही दहा भाषणे देऊन जे झाले नसते, ते या पाच आवाजांनी झाले असते.

त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये आम्ही चहा घेत बसलो आणि आमच्यातल्याच कुणीतरी म्हटले, "आपल्या बायांना ऐकायचेच नाही." कुणी विरोध केला नाही. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवत आहोत.

आवाज दूरवर पोहोचवण्याची अडचण वर्ध्याला नवी नाही. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहू लागले. त्यांचा आवाज मुळातच बारीक. हजारोंच्या सभेत तो शेवटच्या माणसापर्यंत जाण्यासाठी कर्णे लागत. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना असे कर्णे नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीने पुरवले. त्या काळच्या छायाचित्रांत पुढाऱ्यांपुढच्या मायक्रोफोनवर त्या कंपनीचे नाव दिसते. गांधीजींना ओरडून बोलण्याची गरज पडली नाही. मधली यंत्रणा नीट जोडलेली होती. आमची मात्र नीट जोडलेली नव्हती, हे कळायला आम्हाला बरेच महिने लागले.

स्पीकर पालकांच्या वर्गणीतून आलेले. आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले, ज्यांना बाजारात अ‍ॅक्टिव्ह स्पीकर म्हणतात. ते बिघडले म्हणावे तर माइकवर दणदणीत वाजत होते. लॅपटॉप बिघडला म्हणावे तर हेडफोनवर स्वच्छ ऐकू येत होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे सामान एका वर्गात मांडले आणि एकेक पायरी तपासायला घेतली.

पहिली पायरी लॅपटॉपच्या आतली. कोपऱ्यातली आवाजाची पट्टी शंभरावर होती, पण प्रत्येक प्रोग्रामची स्वतंत्र पट्टी व्हॉल्यूम मिक्सरमध्ये असते. तिथे आमचा प्लेअर चाळीसवर बसला होता. शिवाय साउंडच्या सेटिंगमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा एक कप्पा असतो. कॉल चालू आहे असे विंडोजला वाटले की बाकीचे आवाज ते आपणहून ऐंशी टक्क्यांनी उतरवते. तिथे 'काहीच करू नका' हा पर्याय निवडला. व्हीएलसीत आवाज शंभराच्या वर नेता येतो, तेही करून पाहिले. आवाज फाटायला लागला, म्हणून पुन्हा शंभरावर आणला.

दुसरी पायरी पिनेची. लॅपटॉपला लागणारी बारीक पिन, जिला दुकानदार ईपी पिन म्हणतात, ती अर्धवट बसली तरी आवाज क्षीण येतो. आमची पूर्ण बसली होती. चार्जर लावल्यावर घुंऽऽ असा आवाज येई, चार्जर काढून बॅटरीवर चालवले की थांबे. तो दोष अर्थिंगचा, वेगळा होता.

तिसरी पायरी स्पीकरच्या पाठीमागची. तिथे माइक आणि लाइन असे बटण असते. माइकमधून व्होल्टचे काही हजारांश भाग निघतात, म्हणून माइकच्या बाजूला स्पीकर आलेला आवाज खूप मोठा करतो. लाइनच्या बाजूला त्याला मुळातच मोठा आवाज हवा असतो. त्यातही दोन मापे आहेत. घरगुती यंत्रांचे माप ०.३१६ व्होल्ट, कार्यक्रमांच्या व्यावसायिक यंत्रांचे १.२३ व्होल्ट. जवळजवळ चौपट फरक, म्हणजे सुमारे बारा डेसिबल. लॅपटॉपसारखे घरगुती यंत्र मोठ्या स्पीकरला जोडले की आवाज थोडा कमी भरतोच. त्यावरचा उपाय लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवणे आणि मग स्पीकरचे गेन बटण हळूहळू चढवणे. लॅपटॉप कमी ठेवून स्पीकर पूर्ण चढवला तर खरखरही तेवढीच चढते.

हे सारे केले. तराणा चांगला वाजू लागला. मुलींचे बोल मात्र तसेच. बटण माइकवर नेले तर बोल थोडे वर आले, पण खरखर त्यांच्याहून वर. आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली. तराण्यात पेटी, तबला होता, पण गाणारी मुलगी जणू खोलीबाहेर उभी राहून गात होती. वाद्ये पोहोचत होती, माणसाचा आवाज पोहोचत नव्हता.

कुणीतरी सुचवले, डावा-उजवा भेद काढून टाकू. सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असे बटण आहे. ते लावले की दोन्ही बाजूंना एकच आवाज जातो. ते लावले आणि वर्गात सन्नाटा. तराणाही गेला, पेटीही गेली. बटण काढले, परत आली. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. गणित शिकवणारे सर खुर्चीवरून उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले : ७ – ७ = ०.

सरांनी समजावले ते असे. आमच्या केबलच्या एका टोकाला स्टीरिओ ईपी पिन, दुसऱ्या टोकाला जाड स्टीरिओ पिन, जिला आपल्याकडे पी-३८ म्हणतात. दोन्हींवर तीन-तीन कड्या. लॅपटॉप पहिल्या कडीवर डावा आवाज देतो, दुसरीवर उजवा, तिसरी जमिनीची. पण मोठ्या स्पीकरचे छिद्र या कड्या वेगळ्या वाचते. लांबच्या केबलमध्ये वाटेत शिरणारी खरखर काढण्यासाठी ते पहिल्या तारेतून दुसरी वजा करते. व्यावसायिक यंत्रे दुसऱ्या तारेवर तोच आवाज उलटा करून पाठवतात, त्यामुळे वजाबाकीत आवाज दुप्पट होतो आणि दोन्ही तारांत सारखी शिरलेली खरखर कटते. लॅपटॉप काहीच उलटे करत नाही. डावीकडे आणि उजवीकडे जे सारखे असते, त्यालाच स्पीकर खरखर समजतो आणि कापून टाकतो. उरतो तो फक्त दोन्हींतला फरक.

तराण्यात पेटी थोडी डावीकडे, तबला थोडा उजवीकडे होता, म्हणून ती वाद्ये वाचली. गाणारी मधोमध होती, ती कापली गेली. मुलींनी मोबाइलवर केलेले बोल तर एकाच माइकचे. दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखे. सात वजा सात. दोन्ही बाजू जुळण्यात कुठे केसभर कमीजास्त राहिले असेल, तेवढी कुजबुज त्या कडुनिंबापर्यंत गेली होती.

उपाय शे-दीडशे रुपयांचा निघाला. एका टोकाला स्टीरिओ ईपी पिन, दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र मोनो पी-३८ पिना. डावी एका स्पीकरला, उजवी दुसऱ्याला. मोनो पिनेवर मधली कडी नसते, त्यामुळे वजा करायला जमीनच उरते आणि आवाज शाबूत राहतो. तयार केबल मिळते, पण आम्ही पिना आणि वायर आणून वर्गातच डाग दिले. सोल्डरिंगची इस्तरी आठवीच्या मुलींनी धरली. पहिला डाग कच्चा निघाला, दुसरा पक्का.

बी.एड.च्या परीक्षेत आम्ही सर्वांनीच 'वर्धा योजना' या विषयावर टीप लिहिली आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी तिचे अध्यक्ष होते. पुढच्या आराखड्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेले, एवढे मुद्दे लिहिले की गुण मिळत. त्या मुली इस्तरीचा धूर डोळ्यांपासून दूर फुंकत होत्या, तेव्हा आमच्या लक्षात आले की इतकी वर्षे ही टीप आम्ही नुसती पाठ करून बसलो होतो.

यंदा आम्ही आणखी एक बदल केला. उघड्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मग माता टोकाला आणि स्पीकर पुढे, असे का? यंदा व्यासपीठच कडुनिंबाजवळ नेले. सतरंज्या पुढे, खुर्च्या मागे. एक-दोन पाहुण्यांना रुचले नाही, तेही बसले.

लॅपटॉप लावला. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा आवाज मैदानभर गेला. "अम्मी रोज़ बोलती थी, बस करो अब," तिने सुरुवात केली आणि सतरंजीवर हसू पसरले. पंचवीस मिनिटे कुणी हलले नाही. एका बाईने कडेवरच्या लेकराला गप्प केले ते आम्ही पाहिले.

संपल्यावर आम्ही भाषणाला उभे राहणार, तोच मागच्या वर्षी फाटकाशी भेटलेली तीच बाई बोलली. मुलींनी शिकावे की नाही, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. तिने विचारले, "शाम की एसटी कितने बजे वापस आती है?" मग दुसरीने विचारले, पासचे पैसे किती. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, हे आम्ही सांगितले. ते अनेकींना ठाऊक नव्हते. तिसरीने विचारले, स्टँडपासून शाळेपर्यंत मुली एकट्या चालतात की सोबत असते.

आमच्या हातात लिहून आणलेले भाषण होते. शिक्षणाचे महत्त्व, समाजाची प्रगती, इल्मची फजीलत. त्यात एसटीची वेळ नव्हती. खरे तर आम्हालाही ती नक्की ठाऊक नव्हती. एक सर तिथूनच स्टँडवर विचारायला गेले आणि भाषण घडी करून खिशात ठेवले.

मुलींनी शिकावे, असे शाळेलाही वाटत होते आणि घरालाही. दोघांच्या मनात एकच गोष्ट असून ती मैदानावर उमटत नव्हती. आम्ही मात्र त्यांचे कान तपासत बसलो होतो. केबल तपासायचे सुचले नाही. "आपल्या बायांना ऐकायचेच नाही," हे वाक्य आता स्टाफरूममध्ये कुणी उच्चारत नाही.

एसटीची वेळ विचारणाऱ्या बाईंची मुलगी यंदा नववीत आहे. त्यांच्या शेजारणीची मुलगी नाही. तिच्या घरी आमचे जाणे-येणे चालू आहे. जुनी केबल आम्ही फेकलेली नाही. विज्ञानाच्या कपाटात ती एका खिळ्याला टांगली आहे आणि आठवीचा नवा वर्ग आला की सर ती काढून फळ्यावर वजाबाकी लिहितात.