तलाठी भरती, कोरी पाटी आणि कोरा सातबारा

(जरा लांबलंय. पण घरात कुणी भरतीची तयारी करत असेल तर वाचाच.)

२०२३ ची तलाठी भरती आठवते का? जागा सुमारे ४,५००, अर्ज १० लाखांहून जास्त. फी खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. त्यात इंग्रजीचे प्रश्न २५, म्हणजे ५० गुण. या इंग्रजीत व्याकरण असतं, उतारा असतो आणि वाक्प्रचारही असतात. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात तर ‘ईडियम्स अँड फ्रेजेस’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे. एक प्रश्न दोन गुणांचा. १० लाखांच्या गर्दीत दोन गुण म्हणजे काय, हे ज्याच्या घरात उमेदवार आहे त्याला विचारा.

आमच्या घराजवळ एक अभ्यासिका आहे. पैठण, कन्नड, भोकरदनकडची लेकरं तिथं सकाळी सहाला येऊन बसतात ती रात्रीच उठतात. वेळ मिळेल त्या रविवारी मी चालू घडामोडींवर बोलायला जातो. मागच्या वेळी एका मुलीनं झेरॉक्सची चार पानं पुढं केली. वर लिहिलेलं, ‘शाळा व शिक्षणविषयक इंग्रजी वाक्प्रचार’. खाली चाळीसेक वाक्प्रचार, समोर एकेका ओळीत अर्थ. ती म्हणाली, “सर, पाठ होतात आणि चार दिवसांत उडून जातात.”

यादी बघितली आणि कारण कळलं. ‘पास विथ फ्लाइंग कलर्स’च्या बाजूला तिनं पेन्सिलनं लिहिलं होतं, उडते रंग. आता हे ‘कलर्स’ म्हणजे रंग नाहीत, निशाणं आहेत. लढाई जिंकून आलेलं जहाज बंदरात शिरायचं ते निशाणं फडकवत. मराठवाड्याला समुद्र नाही, जहाज कुणी बघितलेलं नाही, आणि त्या पानावर जहाजाचं नावही नाही. मग लेकरू रंगच समजणार ना? मी तिला म्हणलं, अगं, तुमच्या गावात कुणी पोरगा फौजदार झाला की काय करतात? “मिरवणूक काढतात, गुलाल उधळतात.” मग उडते रंग आलेच की! तिचं भाषांतर चुकलेलं होतं, पण आता तो वाक्प्रचार ती विसरायची नाही.

‘टीचर्स पेट’वर तर अख्खी अभ्यासिका हसली. आपल्या शहराच्या हिंदीत पेट म्हणजे पोट. एकानं खरंच ‘शिक्षकाचं पोट’ असं लिहून ठेवलं होतं. मास्तरांचा लाडका म्हणल्यावर सगळ्यांना आपापल्या वर्गातलं ते एक पोरगं आठवलं.

‘बर्न द मिडनाइट ऑइल’चा अर्थ छापला होता, ‘रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणे’. बरोबर आहे. पण आपल्याकडं यालाच रात्रीचा दिवस करणं म्हणतात, हे कुणी सांगितलेलं नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “सर, आमच्यात रात्रीचा दिवस बाबा करतात. शेतीची लाईट रात्रीची असली की दारं धरायला उठावं लागतं.” त्याच्यावर मी काय बोलणार.

आणि ‘क्लीन स्लेट’. विलायतेत गुत्त्यात, खानावळीत गिऱ्हाइकाची उधारी पाटीवर मांडून ठेवायचे. हिशेब मिटला की पाटी पुसायची. म्हणजे ही कोरी पाटी शाळेतली नाहीच, उधारीची आहे. आपल्याकडं ‘पाटी कोरी’ म्हणजे डोक्यात काही नाही, आणि कर्ज मिटलं तर आपण म्हणतो सातबारा कोरा झाला. प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक मोर्चात ही लेकरं ते शब्द ऐकत आलीत. तलाठ्याचं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचं, सगळं काम त्या सातबाऱ्याचं. परीक्षेला बसणाऱ्याला क्लीन स्लेट कळायला याच्याहून जवळचं काय असणार? पण त्या चार पानांत सातबारा नाही.

बरं, मराठीच्या यादीचीही तीच गत. ‘ओनामा करणे – सुरुवात करणे’. एवढंच. पूर्वी लेकराला पहिला धडा देताना ‘ॐ नमः सिद्धम्’ म्हणवून घ्यायचे, त्याचं बोलण्यात ओनामा झालं, हे दोन वाक्यांत सांगता येतं. ‘पहिले पाढे पंचावन्न’ तर आम्ही पत्रकारांनी शहराच्या पाण्याच्या बातमीला इतक्यांदा लावलंय की ते तरी पाठ करायची गरज पडू नये.

मी पाचवीत एबीसीडी शिकलो. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं. म्हणजे आज अभ्यासिकेत बसलेल्या पिढीनं इंग्रजी माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त शिकलंय. तरी हातात यादीच. आपल्या आजोबांच्या पिढीनंही परकी भाषा नोकरीसाठीच शिकली. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत, १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. हैदराबाद मुक्त झालं १७ सप्टेंबर १९४८ ला. उर्दू कारभारातून गेली, पण फारसी-अरबीतून आलेले दप्तर, हजेरी, कित्ता हे शब्द आजही मराठी शाळेत आहेत. रोज कामाला आले म्हणून राहिले. परीक्षेपुरतं पाठ केलेलं एवढं टिकत नाही.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही. कोर्टाचे निकाल, ऑनलाइन फॉर्म, बँकेची कागदं वाचता आली पाहिजेत. त्यासाठी उतारा विचारा, आणखी अवघड विचारा. पण जहाजाच्या निशाणावरून दोन गुण कापून कुठला चांगला तलाठी मिळणार आहे, हे मला कळत नाही. भरतीचे पेपर काढणाऱ्यांनी याचा विचार करावा. तोवर क्लासवाल्यांनी निदान यादीत मराठी जोड द्यावी. चाळीस वाक्प्रचारांना चार पानांच्या जागी आठ लागतील, झेरॉक्सचे पैसे वाढतील, वाढू द्या.

त्या दिवशी नऊच झाले. ‘स्कूल ऑफ हार्ड नॉक्स’ला टक्केटोणपे खाणं हे पोरांनीच सुचवलं. ‘लर्न बाय हार्ट’वर वाद झाला. इंग्रज काळजात ठेवतो आणि आपण तोंडपाठ करतो, मग जास्त टिकतं कुणाचं? ‘प्ले ट्रुअंट’ला दांडी मारणं, शाळा बुडवणं असं बरंच आलं, पण एक पोरगी म्हणाली तिच्या गावात वेगळंच काहीतरी म्हणतात, नेमकं आठवेना.

तुमच्या गावाकडं काय म्हणतात? शाळेवरून, मास्तरांवरून, पाटी-पाढ्यांवरून जे काही आठवेल ते कमेंटमध्ये लिहा, तालुक्याचं नाव टाकून. रविवारी प्रिंट काढून घेऊन जातो.